मित्रदेशाचा मसुदा आणि गरम शीरमाल

लखनौला मी गेले ती तुमच्या शोभाआत्याचा, म्हणजे माझ्या लेकीचा, हात प्लॅस्टरमध्ये होता म्हणून. परत आले तेव्हा आफ्रिकेतल्या एका देशाच्या पाच वर्षांच्या विकासाचा मसुदा मी तीन वेळा टंकलेला होता. मधल्या दिवसांत काय घडलं ते क्रमाने लिहिते. टोरांटोत तुम्हांला लखनौविषयी कोणी विचारणार नाही, हे मला माहीत आहे. तरी आपलं माणूस कुठे जाऊन काय करून आलं, ते घरात माहीत असावं.

तेलीबाग

नागपूरहून निघालेली गाडी धुक्यामुळे सहा तास उशिरा पोहोचली. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

आत्याचं घर तेलीबागेत आहे. शहराच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्याजवळ. मागे मोहरीचं शेत, पुढे भाजीबाजार. आसपास आपल्या विदर्भातली आणखी दोन कुटुंबं आहेत, दोन्ही सरकारी नोकरीतली. रविवारी सकाळी सगळे एका घरी जमून बुद्धवंदना करतात आणि मग तर्रीपोहे खातात. हिवाळ्यात तिकडे मटार इतका येतो की पोह्यांत मटार घातला असं म्हणता येत नाही, मटारात पोहे घातलेले असतात. मी तसं म्हटलं, तर आत्या म्हणाली, "आई, इथे असंच करतात." तिला तिथे राहून नऊ वर्षं झाली. आता बऱ्याच गोष्टींना ती हेच उत्तर देते.

तुमची आतेबहीण निलू दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं. मी म्हणायचं, "निलू, माझी शाल आण बरं." ती म्हणणार, "हाँ आजी, अभी लाई." शाल येते, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

तुमचे आतोबा, म्हणजे आमचे जावई मधुकरराव, एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत अधिकारी आहेत. आपण आपल्या देशाला गरीब म्हणतो, पण आपला देशही दुसऱ्या देशांना मदत करतो. कोणाला किती, कशासाठी आणि किती वर्षं, याची आखणी मधुकररावांच्या विभागात होते. मदत घेणाऱ्या देशाला सरकारी भाषेत मित्रदेश म्हणतात. मदत देणाऱ्याला काही म्हणत नाहीत. तो कागदावर सही करतो.

मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मधुकरराव चेहरा पाडून घरी आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सक्सेनाचं लग्न ठरलं."

"मग चांगलं झालं."

"सक्सेना आमचा स्टेनो आहे, आई. सहालग सुरू आहे, पुढचा मुहूर्त मिळेना, म्हणून परवाच उरकतायत. कानपूरला. पंधरा दिवसांची रजा."

लग्नसराईला तिकडे सहालग म्हणतात. त्या दिवसांत त्या शहरात एकही बँडवाला आणि एकही कारकून मिळत नाही.

"मग हेडक्लार्कला बसवा मशीनवर."

"तो नवऱ्या मुलाचा मामा आहे."

"आणि काम कधी आहे?"

"परदेशी पाहुणे आलेत. शनिवारी बैठक, सोमवारी सही." मग म्हणाले, "आई, तुम्ही टायपिंगची परीक्षा दिली होती ना?"

दिली होती. पुढे चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते, आणि शाळेला टायपिस्ट कधीच मंजूर झाला नाही. हे सगळं नियमात बसतं का, असं मी विचारलं. मधुकरराव म्हणाले, नियम पाहणारा माणूसही वरातीतच आहे.

संस्थेत

संस्थेचे संचालक रिझवी साहेब. उंच, पांढरे केस, करड्या रंगाची शेरवानी. मी खोलीत गेले तेव्हा ते उभे राहिले, मी बसेपर्यंत उभेच राहिले, आणि माझी पर्स खाली पडली तेव्हा पुन्हा उभे राहिले. "अम्माजी, आपने बड़ी ज़हमत उठाई," म्हणाले. मला दिलेली खुर्ची तीन पायांवर नीट उभी होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःची दिली असती, आणि संचालकांच्या खुर्चीत बसून टंकलेखन करणं मला बरं वाटलं नसतं.

मसुदा चौदा पानांचा होता. पाच वर्षांत त्या देशासाठी आपण काय काय करणार, त्या सहा बाबी. देशाचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या माणसांनी मला ते लिहिण्याची परवानगी दिलेली नाही. एवढंच सांगते की तो डोंगराळ आहे, चारही बाजूंना दुसरे देश आहेत आणि पाऊस बेभरवशाचा.

नवव्या पानावर मी थांबले.

"मधुकरराव, या देशाला समुद्र आहे का?"

"नाही."

"मग मासेमारीचं बंदर कुठे बांधणार?"

त्यांनी पान हातात घेतलं. वाचलं. उलटं करून पाहिलं, जणू खुलासा मागे लिहिलेला असेल.

"हा मागच्या वर्षीचा मसुदा आहे, आई. एका बेटाचा. तोच पुढे घेतलाय. नाव बदललं."

"नाव सगळीकडे बदललंय. समुद्र राहिलाय."

समुद्र काढला. पण मग बाबी पाचच उरल्या, आणि वरून आलेल्या नमुन्यात सहा होत्या. म्हणून मधुकररावांनी दुपारी फोन फिरवून कुठून तरी दोन ट्रॅक्टर मिळवले आणि ते बंदराच्या जागी घातले. मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. त्या विभागात तीन माणसांचं काम ते एकटे करत होते. दर वर्षी चार देशांची आखणी, आणि त्यातला एकही देश त्यांना पाहायला मिळालेला नव्हता.

शनिवारची बैठक

पाहुणे दोन. श्री. कबांदा हे प्रमुख. साठीचे, राखाडी सूट, चालणं सावकाश. पूर्वी मुख्याध्यापक होते, हे मी त्यांनी सांगण्याआधीच ओळखलं. खोलीत शिरताच त्यांनी खिडक्या मोजल्या. दुसऱ्या श्रीमती एस्थर, चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, केसांना हिरवा रुमाल बांधलेला. एका जिल्ह्यातलं स्त्रियांचं काम त्यांच्याकडे होतं. मी मनातल्या मनात त्यांना एस्थरबाई म्हणू लागले आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडावरही. त्यांना ते आवडलं. बाईचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाल्या, आमच्याकडे 'मामा' म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे तो आईचा भाऊ असतो. तो विषय आम्ही तिथेच सोडला.

माझं काम बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याचं. टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसले.

एकेक बाब वाचली जायची. रिझवी साहेब विचारायचे, "आमच्या पाहुण्यांना हे मान्य आहे?" कबांदा साहेब किंचित झुकून म्हणायचे, "आम्ही आभारी आहोत." पहिली बाब, आभारी. दुसरी बाब, आभारी. ट्रॅक्टर, आभारी. एस्थरबाई प्रत्येक वेळी वहीत पेन टेकवायच्या आणि उचलायच्या.

पाचवी बाब नव्या हातपंपांची होती. गावोगाव बसवायचे, आपल्याकडून पाठवायचे. ती वाचून झाल्यावर एस्थरबाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "सर, पंपांविषयी मला थोडं..."

दार उघडलं. शिपाई दोन मोठी ताटं घेऊन आत आला. शीरमाल आली होती. शीरमाल म्हणजे केशर आणि दूध घातलेली नारिंगी रंगाची रोटी. ती तंदुरातून निघाल्यावर कबाबाबरोबर लगेच खायची असते.

रिझवी साहेब उठले. "आइए, आइए. बाकी बातें होती रहेंगी. शीरमाल ठंडी हो जाए तो शीरमाल नहीं रहती."

एस्थरबाईंनी वही मिटली. सगळे जेवायला गेले. शीरमाल खरोखरच उत्तम होती, मी दीड खाल्ली. जेवणानंतर बैठक सहाव्या बाबीपासून सुरू झाली.

अमीनाबाद

रविवारी पाहुण्यांना सुट्टी होती. कबांदा साहेब अतिथिगृहात पत्रं लिहीत बसले. एस्थरबाईंना बाजार दाखवायला मला सांगण्यात आलं. लखनौला आलेल्या बाईला चिकनचं, म्हणजे तिकडच्या नाजूक भरतकामाचं, कापड हवं असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मीसुद्धा.

अमीनाबाद म्हणजे आपल्या नागपूरचे महाल आणि इतवारी एकत्र करून त्यांच्यामधली हवा काढून घेतल्यासारखा बाजार आहे. सायकलरिक्षात आम्ही दोघी कशाबशा मावलो. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, माझ्याकडे पाहून म्हणाला, "अम्मा, आप तो हवा हैं," आणि एस्थरबाईंकडे पाहून काहीच म्हणाला नाही. पुढे गर्दीत माझी एक चप्पल निघून गेली. चाळीस पावलं मागे आल्यावर ती एका अत्तरवाल्याच्या स्टुलावर ठेवलेली सापडली. त्याने ती पुसलीही होती. नागपुरात चप्पल मिळाली असती, पण पुसलेली मिळाली नसती.

चिकनच्या दुकानात एस्थरबाई चार मिनिटं बसल्या. मग म्हणाल्या, "मिसेस, इथे लोखंडाचं सामान कुठे मिळतं?"

एका गल्लीच्या टोकाला मिळालं. नळ, कड्या, साखळ्या, बिजागऱ्या आणि छताला टांगलेला एक हातपंप. दुकानदार सुपारी कातरत बसला होता.

"अम्मा, मेमसाहब को क्या चाहिए?"

मी विचारून सांगितलं, "वॉशर. चामड्याचा. हातपंपाच्या आतला."

त्याने एक काढून दिला. एस्थरबाईंनी तो वाकवला, नखाने दाबला, नाकाला लावला आणि परत दिला. "याला तेल पाजलेलं नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी हिंदी केलं.

दुकानदाराने सुपारी बाजूला ठेवली. खालच्या डब्यातून दुसरा काढला. तो त्यांनी अंगठ्याभोवती फिरवून पाहिला. हा तेलाचा आहे, पण भोक मधोमध कापलेलं नाही, एका बाजूने लवकर झिजेल, म्हणाल्या.

"मान गए," दुकानदार म्हणाला. "मेमसाहब का कारख़ाना है?"

"नहीं. सरकारी अफ़सर हैं."

"अफ़सर?" त्याने त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "तो वॉशर कैसे पहचानती हैं?"

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर एस्थरबाई इतक्या मोठ्याने हसल्या की समोरचा कुलूपवाला बाहेर आला. मग दुकानदाराने टांगलेला पंप स्वतःहून खाली उतरवला. त्या दोघांनी तो पायरीवर उघडला, आणि अर्धा तास एकमेकांची भाषा न येता ते पंपाविषयी बोलत होते. माझी गरज कोणालाच नव्हती. मी साखळ्या पाहिल्या.

मूठभर वॉशर घेऊन आम्ही चहाला बसलो. तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यांच्या जिल्ह्यात हातपंप भरपूर होते. तीन वेगवेगळ्या देशांनी दिलेले, तीन वेगवेगळ्या तऱ्हेचे. प्रत्येकाला वेगळा पाना लागायचा आणि तो पाना बसवणाऱ्या इंजिनिअरबरोबर परत जायचा. वॉशर झिजला की पंप बंद. बायका त्या बंद पंपांवरून रोज नदीवर जात होत्या. आता त्यांच्याशेजारी आणखी एका देशाचे, म्हणजे आपले, नवे पंप उभे राहणार होते.

"मला एकही पंप नको," त्या म्हणाल्या. "बायकांना इथे आणून शिकवा. उघडायचं, पाहायचं, वॉशर कापायचा, बंद करायचं. बाकी आम्ही पाहू. पण ती एक ओळ त्या कागदात असायला हवी. उद्या सही झाली की पाच वर्षं त्या कागदाला कोणी हात लावणार नाही."

"मग कबांदा साहेबांना सांगा."

"ते शाळेत माझे हेडमास्तर होते. यजमानांसमोर त्यांच्या आधी मी कशी बोलू? एकदा धीर केला, तर जेवण आलं. काल संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पाहुण्याने ताटात काय कमी आहे ते सांगायचं नसतं."

"आमच्याकडेही नसतं," मी म्हटलं. खरं तेच होतं.

परत येताना रिक्षात मला माझं वसतिगृह आठवत होतं. तुम्हांला मी त्याबद्दल कधी सांगितलेलं नाही. आपल्या समाजातल्या मुलींसाठी ते होतं आणि ते नसतं तर मी शिकले नसते, हे आधी लिहिते. तिथे दर दिवाळीला एक दयाळू मंडळ यायचं आणि प्रत्येकीला लोकरीचे पायमोजे द्यायचं. आमच्यापैकी कोणाकडे बूट नव्हते, बऱ्याच जणींकडे चपलाही नव्हत्या. पायमोजे मात्र पाच-पाच जोड होते. आम्हांला वह्या हव्या होत्या. मंडळाच्या बाई विचारायच्या, "मुलींनो, आवडले का?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "हो." मीही म्हणायची. माझा आवाज मोठा होता म्हणून मला पुढे उभं करायचे.

तेलीबाग, रविवार संध्याकाळ

इतिवृत्त मी घरीच टंकून ठेवलं होतं. मधुकररावांनी वाचलं आणि दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"आई, हे काय? 'श्रीमती एस्थर यांनी हातपंपांविषयी बोलण्यास सुरुवात केली. याच वेळी शीरमाल आली. श्रीमती एस्थर यांनी वही मिटली.'"

"तसंच झालं."

"इतिवृत्तात फक्त निर्णय लिहायचे असतात."

"मी चौतीस वर्षं शाळा समितीची इतिवृत्तं लिहिली. जे घडलं ते लिहायचं, जे घडलं नाही ते लिहायचं नाही. दुसरा नियम मला माहीत नाही."

मग मी त्यांना अमीनाबादची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. आत्या दारात प्लॅस्टरचा हात धरून उभी होती.

"बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मसुदा मंजूर झालेला आहे. आता मी त्यात ओळ घालू शकत नाही. बैठकीत त्यांनी मागणी केली तरच घालता येईल, आणि बैठकीत ते कबांदा साहेब आभारी आहेत."

"मी ओळ घाला म्हणतच नाही. मी इतिवृत्त लिहिलंय."

"आणि रिझवी साहेब नाराज झाले तर?"

"तर मला काढून टाकतील. मी नोकरीत नाही."

"मी आहे, आई."

हे मला सुचलं नव्हतं. पान त्यांच्या हातात होतं. मी म्हटलं, "तुम्हांला योग्य वाटेल ते करा. ती तीन वाक्यं काढलीत तर खाली माझी सही करणार नाही, एवढंच."

"जावयाला असं कोणी बोलतं का?" आत्या म्हणाली.

"इथे असंच करतात," मी म्हटलं, आणि भाजी निवडायला घेतली.

सकाळी ते पान फाइलमध्ये होतं. तिन्ही वाक्यांसकट. मधुकररावांनी चहा दोनदा घेतला.

सोमवार

सहीच्या बैठकीत आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. रिझवी साहेबांना माझं इंग्रजी ऐकायला आवडायचं. म्हणाले, अम्माजीच वाचतील. मधुकरराव टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होते.

मी उभी राहिले. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचायला घेतलं. ती तीन वाक्यं मी बाकीच्या वाक्यांसारखीच वाचली, जास्त सावकाश नाही की जास्त मोठ्याने नाही. आणि थांबले, कारण रिझवी साहेब उभे राहिले होते.

त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. एखाद्याने त्यांच्यावर अफरातफरीचा आरोप केला असता तर त्यांनी तो बसून ऐकून घेतला असता. पाहुण्याचं बोलणं तोडणं हे निराळं होतं.

"मोहतरमा," ते एस्थरबाईंना म्हणाले, मग भान येऊन इंग्रजीत वळले, "मॅडम, मी तुमचं बोलणं तोडलं? जेवणासाठी?"

एस्थरबाई म्हणाल्या, "नाही नाही, सर. रोटी फार छान होती."

"मी तोडलं. लिहिलेलं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. "आता तुमचं बोलणं पुरं होईपर्यंत मी बसणार नाही."

ते उभे, म्हणून मधुकरराव उठले. शिपाई उभाच होता. मी वाचत होते, म्हणजे मीही उभी. बसलेले फक्त दोघे पाहुणे. एस्थरबाई कबांदा साहेबांकडे पाहू लागल्या आणि कबांदा साहेब खिडक्यांकडे. आमच्या शाळेत वर्ग इतका शांत झाला की मी समजायची, कोणीतरी काच फोडली आहे.

शेवटी कबांदा साहेब म्हणाले, "एस्थर, आपले यजमान उभे आहेत. बोल, म्हणजे त्यांना बसता येईल."

त्या बोलल्या. टिपण न पाहता. तीन देशांचे पंप, परत गेलेले पाने, नदी. पर्समधून वॉशर काढून टेबलावर ठेवले, एक नीट कापलेला आणि एक वाकडा कापलेला, आणि फरक दाखवला. मग म्हणाल्या, पंप नकोत. तीस बायकांना तीन महिने इथे शिकवा.

रिझवी साहेब बसले. पण काम तिथे संपलं नाही. प्रशिक्षणासाठी येणारा उमेदवार पदवीधर हवा, असा नियम होता, आणि एस्थरबाईंच्या बायका चौथी शिकलेल्या. पाऊण तास मधुकरराव नियमांचं पुस्तक चाळत होते. अभ्यासदौऱ्याला येणाऱ्याला शिक्षणाची अट नाही, हे त्यांनी शोधून काढलं आणि इतक्या जोरात "सर!" म्हणाले की शिपाई दचकला. त्यांना इतकं खूश झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं. तेव्हा तीन महिन्यांचा अभ्यासदौरा ठरला. मग निघालं की संस्थेच्या स्त्रियांच्या वसतिगृहात खाटा बारा आहेत.

"बाराच?" मी विचारलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने विचारायचं नसतं, पण तोंडातून निघालं.

"बाराच, अम्माजी," रिझवी साहेब म्हणाले. "मैं बहुत शर्मिंदा हूँ."

एस्थरबाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "बारा ठीक आहे, सर. आम्ही आभारी आहोत."

नव्या पंपांची बाब काढून टाकली, तिच्या जागी हा दौरा आला. ट्रॅक्टर राहिले. पान मी तिसऱ्यांदा टंकलं आणि दुपारी सह्या झाल्या. कबांदा साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या शाळेतली शिस्त कडक असणार." मी म्हटलं, "तुमच्याइतकीच."

अमौसी

मंगळवारी पाहुण्यांना विमानतळावर पोहोचवायला मधुकररावांबरोबर मीही अमौसीला गेले. शहराबाहेर मोकळं माळरान, धुक्यात उभी असलेली छोटीशी इमारत, आणि आत सगळ्यांचे आवाज दबलेले. कबांदा साहेब आणि मधुकरराव सामान वजनाला लावायला गेले. आम्ही दोघी बाकावर बसलो. आत्याने दिलेली संत्रा बर्फी मी त्यांच्या हातात दिली.

मला राहवलं नाही. "एस्थरबाई, मला फार वाईट वाटतं," मी म्हटलं. "तीस मागितल्या आणि बाराच मिळाल्या. आमच्याकडे खाटा कमी पडल्या, काय सांगायचं तुम्हांला."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"मिसेस, मला दहाच हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "दहा बायका पुरतात, मी गावं मोजून पाहिलीत. पण अशा बैठकांना मी तीन देशांत बसले आहे. दहा मागितल्या की चार मिळतात."

"मग वरच्या दोघींचं काय करणार?"

"विचार करते आहे. दोन चांगल्या आहेत मनात. एकीला विमानाची भीती वाटते, तिला समजवावं लागेल."

त्यांचं विमान पुकारलं. त्या उठल्या, हिरवा रुमाल नीट केला आणि कबांदा साहेबांच्या दोन पावलं मागून, मान खाली घालून, चालत गेल्या.

परतीच्या जीपमध्ये मधुकररावांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई? नाराज असतील."

"समाधानी आहेत," मी म्हटलं.

"बाराच दिल्या तरी?"

"बाराच दिल्या तरी."

"थोर बाई आहे," ते म्हणाले, आणि मी हो म्हटलं.